भोपाळचा थांबा: तळं, बेगमा आणि श्यामला टेकडी

नागपूरहून ओरछाला जायचं तर सिवनी, सागर, ललितपूर असा सरळ रस्ता आहे. मी बैतूलकडून भोपाळचा धरला. गाडीत एकटीच होते, त्यामुळे वाट वाकडी करायची तर कोणाला पटवावं लागणार नव्हतं. भोपाळ नीट पाहायचं मनातही फार दिवसांपासून होतं.

त्याचं कारण अस्सल नागपुरी आहे. १९५६ च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि राजधानी भोपाळला. भोपाळ तोवर ‘क’ वर्गातलं छोटं स्वतंत्र राज्य होतं. त्याचे मुख्यमंत्री होते शंकर दयाळ शर्मा, म्हणजे पुढे राष्ट्रपती झालेले तेच. ग्वाल्हेर, इंदूर, जबलपूर अशी मोठी शहरं शर्यतीत असताना मान भोपाळला मिळाला. भोपाळचा स्वतंत्र जिल्हासुद्धा १९७२ मध्ये झाला, त्याआधी तो सिहोर जिल्ह्याचा भाग होता. आमच्या नात्यातली एक शाखा सचिवालयाच्या फायलींबरोबर तिकडे गेली आणि तिथलीच झाली. घरी भोपाळचा विषय निघाला की ‘आपली राजधानी नेली’ हे वाक्य हमखास यायचं. नेली तर नेली, पण त्या शहराने तिचं काय केलं, हे मला स्वतः बघायचं होतं.

एकटीने लांबचं ड्रायव्हिंग करताना माझे काही ठरलेले नियम आहेत. निघायचं पहाटे, पोचायचं उजेडी. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. घाट आणि जंगलाचा पट्टा दिवसाच संपवायचा. मुक्कामाचं हॉटेल त्याच्या स्वतःच्या आवारात पार्किंग असेल तरच घ्यायचं. बहिणीच्या फोनवर माझं लोकेशन चालू असतं. यात भीती कमी आणि सोय जास्त आहे, कारण या गोष्टी आधीच ठरलेल्या असल्या की डोकं रस्त्याला आणि आजूबाजूला मोकळं राहतं.

सावनेर, पांढुर्णा, मग मुलताई. मुलताईला तापी उगम पावते. गावाच्या मध्ये कुंड आहे, भोवती देवळं आहेत. तिथे चहापुरती थांबले. बैतूलच्या पुढे बरेठाचा घाट आणि सातपुड्यातलं सागवान. ट्रकवाले इथे बऱ्यापैकी शिस्तीत चालवतात, वळणावर हॉर्न देतात, मागच्याला इशारा करून वाट सोडतात. त्यांच्या चालीने गाडी चालवली की घाट त्रासाचा वाटत नाही. इटारसी मागे पडलं आणि नर्मदा आली. होशंगाबादचं नाव आता नर्मदापुरम झालं आहे. पुलावर गाडी थांबवता येत नाही, म्हणून काच खाली केली आणि गती कमी करून पार झाले.

ओबेदुल्लागंजच्या अलीकडे भीमबेटकाचा फाटा लागतो. भोपाळ तिथून पंचेचाळीसेक किलोमीटर. या टेकड्यांतले चित्रांचे शैलाश्रय, म्हणजे खडकांतले नैसर्गिक आडोसे, जगापुढे आणले ते विष्णू श्रीधर वाकणकरांनी, १९५७ च्या सुमारास. आगगाडीच्या खिडकीतून त्यांना हे खडक दिसले आणि ते शोधत आले. सातशेहून अधिक शैलाश्रय या परिसरात नोंदले गेले आहेत आणि २००३ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. पर्यटकांसाठी बांधलेल्या वाटेवर त्यांतले मोजकेच दिसतात, पण तेवढे पुरतात. एका खडकावर जनावरांची इतकी गर्दी आहे की त्याला ‘झू रॉक’च म्हणतात. मध्याश्मयुगातल्या चित्रावर कितीतरी शतकांनंतर कोणीतरी घोडेस्वार काढले आहेत. जुनं खरवडून टाकलेलं नाही, त्याच्याच अंगावर नवं आलं आहे. तांबडं आणि पांढरं एकमेकांतून दिसत राहतं. भोपाळला पोचण्याआधी हे पाहिलं ते बरं झालं, कारण शहरातही मला पुढे हेच पुन्हा पुन्हा भेटणार होतं.

मंडीदीपचे कारखाने ओलांडून दुपारी शहरात शिरले. राहायला न्यू मार्केटजवळची जागा घेतली होती. हा भाग म्हणजे टी. टी. नगर, १९५६ नंतर राजधानीसाठी वसवलेल्या नव्या भोपाळातला. टी. टी. म्हणजे तात्या टोपे. येवल्यात जन्मलेल्या माणसाचं नाव इथे सरकारी वसाहतीला आहे, याचं मला बरं वाटलं. गाडी आवारात लावली आणि मुक्कामातलं बहुतेक फिरणं रिक्षाने आणि पायी केलं. जुन्या शहराच्या गल्ल्यांत स्वतःची गाडी घालण्यात अर्थ नाही. तिथे गाडी सांभाळण्यातच सगळं लक्ष जातं आणि काही बघणं होत नाही.

भोपाळची सुरुवात तळ्यापासून करावी, असं मी कोणालाही सांगेन. ‘तालों में ताल भोपाल ताल, बाकी सब तलैया’ ही म्हण इथे ज्याच्या त्याच्या तोंडी असते, आणि ते पाणी समोर आल्यावर ती फुगवलेली वाटत नाही. अकराव्या शतकात परमार राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घातला आणि हे तळं झालं, असं मानलं जातं. क्षेत्रफळ तीसेक चौरस किलोमीटर. आजही शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा इथून येतो, आणि धाकट्या तळ्यासह हे सगळं २००२ पासून ‘रामसर’ पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. मोठ्या आणि धाकट्या तळ्याच्या मध्ये कमला पार्क नावाची बाग लागते. लोक तिथे फिरायला येतात, मुलं पळतात. ज्या जमिनीवर हे सगळं चालतं ती मुळात त्या जुन्या बांधाची भिंत. पाण्याच्या कडेला राणी कमलापतीचा महाल आहे, गोंड राणीचा. बांधाखालचं धाकटं तळं त्यानंतरचं, १७९४ मधलं, नवाबाचा दिवाण छोटे खान याच्या काळातलं.

संध्याकाळी व्हीआयपी रोडला तळ्याच्या कठड्याशी बराच वेळ थांबले. पाण्यातल्या बुरुजावर राजा भोजाचा उंच पुतळा आहे, तो २०११ मध्ये बसवलेला. पाण्याकडे बघताना मला मात्र बाजीराव आठवत होता. डिसेंबर १७३७ मध्ये निजाम याच भोपाळात तळ्याचा आडोसा घेऊन बसला होता. बाजीरावाने समोरासमोर धडक देण्याऐवजी त्याची रसद तोडली. धान्य संपलं, जनावरं मरायला लागली आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईला तह होऊन माळवा मराठ्यांकडे आला. शाळेत हे दोन ओळींत उरकलं होतं. इथे तळ्याचा पसारा बघितल्यावर निजामाला ही जागा सुरक्षित का वाटली आणि तीच त्याच्या अंगाशी कशी आली, ते लख्ख कळलं. मराठी फौजा पुढे १८१२-१३ मध्येही भोपाळवर आल्या. या खेपेला शिंदे आणि आमचे नागपूरकर भोसले मिळून वेढा घालून बसले होते. वजीर मुहम्मद खानाने कित्येक महिने शहर लढवलं आणि वेढा उठला. त्या वेढ्यात भोपाळच्या बायकाही तटावर होत्या, असं सांगतात.

बायका इथल्या इतिहासात अशा मध्येच डोकावून जात नाहीत, त्या थेट गादीवर आहेत. दुसऱ्या दिवशीचं जुनं शहर मी त्यांच्याच क्रमाने पाहिलं आणि ती योजना फार चांगली ठरली. नकाशावर या जागा एकमेकींना लागून आहेत. सकाळी लवकर सुरुवात केली तर पायी सहज होतं.

पहिला गौहर महाल, मोठ्या तळ्याच्या काठाला, १८२० मधला. कुदसिया बेगमचा. तिचा नवरा, नवाब नजर मुहम्मद, १८१९ मध्ये बंदुकीच्या अपघातात गेला तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि मुलगी सव्वा वर्षाची. घराण्यातले पुरुष गादीकडे डोळे लावून होते. तिने पडदा बाजूला केला, दरबारात येऊन बसली आणि जाहीर केलं की वारस माझी मुलगी सिकंदर, आणि ती मोठी होईपर्यंत कारभार मी बघेन. ती घोड्यावर बसायला शिकली, युद्धकला शिकली. महालात गेले तेव्हा आत हातमागाच्या कापडांचं प्रदर्शन भरलं होतं आणि चौकात दुकानं मांडत होते. कमानी मुघल धाटणीच्या, तर लाकडी खांब आणि तुळया अगदी आपल्या वाड्यातल्या. वरच्या मजल्यावरून तळं दिसतं. बेगम इथे उभी राहून काय बघत असेल याची कल्पना करायची गरज पडत नाही, समोर तेच पाणी आहे.

१८१९ ते १९२६ या काळात, मधली सिकंदरच्या नवऱ्याच्या कारभाराची थोडी वर्षं सोडली, तर भोपाळवर चार बायकांनी एकीमागून एक राज्य केलं. कुदसिया, तिची मुलगी सिकंदर, तिची मुलगी शाहजहाँ, तिची मुलगी सुलतान जहाँ. आईकडून मुलीकडे गादी जाण्याचा असा लांब सिलसिला आपल्याकडे दुसरीकडे शोधूनही सापडणार नाही, आणि तरी शाळेच्या पुस्तकात त्यांची नावं मला कधी भेटली नव्हती, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या सगळ्याच बाबतीत गौरवाच्या होत्या असंही मी म्हणत नाही. १८५७ मध्ये सिकंदर इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली, हेही तिच्याच खात्यावर आहे.

चौकातली जामा मशीद कुदसियाची, १८३७ मधली. मिनारांच्या टोकावर सोनेरी कळस आहेत, ते गल्लीत शिरल्याशिवाय दिसत नाहीत, कारण चारही बाजूंनी बाजार अंगावर येतो. इथे मणी आणि जरी लावलेले बटवे मिळतात, भोपाळची ती ओळखच आहे. घासाघीस चालते, पण भाषा इतकी मिठ्ठास की भाव उतरला नाही तरी राग येत नाही. ‘को खां’ने सुरू होणारी भोपाळी हिंदी दुकानदारांच्या आपापसातल्या बोलण्यात ऐकायची. माझ्याशी मात्र सगळे ‘दीदी’ म्हणून अदबीने बोलले. न्याहारीला पोहे-जिलबी. पोह्यांना आपल्यापेक्षा बडीशेप जास्त, वर शेव. मग सुलेमानी चहा. यात मीठ असतं. पहिला घोट चमत्कारिक लागला आणि तिसऱ्यापर्यंत आवडायला लागला होता. टपरीवाल्या चाचांनी विचारलं, ‘अकेली आई हो बेटा? गाड़ी चला के?’ हो म्हटल्यावर त्यांनी शेजारच्याला सांगितलं, त्याने पुढच्याला. कौतुक होतं त्यात, बाकी काही नाही. या गल्ल्यांत दिवसा एकटीने फिरताना मला कुठे अवघडल्यासारखं झालं नाही.

पुढे मोती मशीद, सिकंदर बेगमची, १८६० मधली. दिल्लीच्या जामा मशिदीची धाकटी आवृत्ती म्हणावी अशी, लाल मिनार आणि पांढरा दर्शनी भाग. तिथून रिक्षा केली ताज-उल-मसाजिदला.

ही वास्तू फोटोत कितीही वेळा पाहिली असली तरी फाटकातून आत आल्यावर पाय थांबतातच. गुलाबी दर्शनी भाग, दोन अठरा मजली उंचीचे मिनार, तीन पांढरे घुमट आणि समोर इतकं मोठं अंगण की पलीकडचा माणूस बोटाएवढा दिसतो. शुक्रवारी बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, इतर दिवशी नमाजाच्या वेळा टाळून बघता येतं. मी ओढणी डोक्यावर घेतली, चपला काढल्या आणि सावलीच्या कडेकडेने चालत राहिले, कारण उन्हातली फरशी पावलांना सोसत नव्हती. आवारात मदरसा आहे. ओवरीत बसून मुलं पाठांतर करत होती.

शाहजहाँ बेगमने हे काम काढलं. इंग्लंडमधल्या वोकिंगच्या मशिदीलाही, जी १८८९ मध्ये उभी राहिली, तिनेच पैसा दिला. आपल्या शहरात तिला त्याहून कितीतरी मोठी मशीद हवी होती. तिच्या आराखड्यात प्रार्थनागृहात बायकांसाठी राखलेली जागा आहे. त्या काळात बायका नमाज घरीच पढत, मशिदीत त्यांची जागा कोणी धरतच नसे. बाईने बांधायला घेतलं म्हणून ती जागा आली, असं मला वाटतं. १९०१ मध्ये ती वारली, पैसा आटला आणि काम अर्धवट राहिलं. ते पुन्हा सुरू झालं थेट १९७१ मध्ये, आणि पूर्ण झालं १९८५ मध्ये.

१९८५ हा आकडा वाचून मी जिथे होते तिथेच बसले. त्याच्या आदल्या वर्षी, २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री, इथून फार लांब नसलेल्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू या शहरावर पसरला होता.

युनियन कार्बाइडचा कारखाना स्टेशनच्या उत्तरेला आहे. भोपाळच्या प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत तो नसतो. तिथे जावं का, यावर मी निघण्यापूर्वीच विचार केला होता. दुसऱ्याच्या दुःखाची सहल करायची नव्हती. पण बेगमांचे महाल पाहून आणि तळ्याचा वारा खाऊन परत फिरले असते तर भोपाळ पाहिलं असं मला म्हणता आलं नसतं. म्हणून गेले. रिक्षावाले भाऊ पन्नाशीच्या आतबाहेरचे होते. पत्ता सांगितल्यावर त्यांनी आरशातून एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘हम तब छोटे थे. पुल के उस तरफ रहते थे.’ पुढे त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कारखान्याच्या भिंतीसमोर, रस्त्याच्या कडेला एका आईचा पुतळा आहे. एका हाताने तिने चेहरा झाकला आहे, दुसऱ्या हातात तान्हं मूल आहे, आणि आणखी एक मूल मागून तिच्या कपड्याला धरून आहे. डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी तो १९८५ मध्ये केला. पुतळा लहान आहे. ट्रक आणि रिक्षांच्या रस्त्यावर तो पटकन नजरेत भरत नाही. पलीकडच्या वस्तीत माणसं राहतात, दुकानं आहेत, नळावर बायका भांडी घेऊन उभ्या होत्या. सुमारे चाळीस टन वायू त्या रात्री बाहेर पडला. सरकारी हिशेबात लगेचच्या मृत्यूंचा आकडा २,२५९ आहे, पुढे राज्य सरकारने तो ३,७८७ मानला, आणि पीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कारखान्याच्या आवारात पडून असलेला विषारी कचरा, ३३७ टन, तिथून हलवला गेला तो २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे चाळीस वर्षांनी.

आवार बंद असतं. भिंतीवरून गंजलेले पाइप आणि टाक्यांचा सांगाडा झाडांच्या वर दिसतो. या जागेविषयी माझं मत ठाम आहे. राज्याच्या राजधानीत विधानभवन जितक्या अभिमानाने दाखवतात तितक्याच जबाबदारीने ही जागा लोकांसाठी उघडली पाहिजे, आणि ती कशी असावी हे आसपासच्या वस्त्यांतल्या माणसांनी ठरवायला हवं. आज तिथे येणाऱ्याला काही सांगायला त्या एका आईशिवाय कोणी नाही.

त्या संध्याकाळी मी आणखी कुठे गेले नाही.

अरेरा टेकडी मी सकाळच्या वेळात उरकली, आणि ती उरकण्यासारखीच आहे, कारण विधानभवन पासाशिवाय आतून बघता येत नाही. चार्ल्स कोरियांनी केलेली ही वास्तू १९९६ मध्ये पूर्ण झाली आणि दोन वर्षांनी तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. वरचा घुमट सांचीच्या स्तूपाची आठवण देतो. त्याआधी चाळीस वर्षं विधानसभा भरायची ती मिंटो हॉलमध्ये. १९०९ मध्ये व्हाइसरॉय मिंटोच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती, आता त्याला कुशाभाऊ ठाकरे यांचं नाव आहे. १९५६ मध्ये मुंबईच्या विधानसभेत गेलेल्या आमच्या विदर्भातल्या आमदारांपैकी कोणी तिथे बसलं नाही, हे ठाऊक असूनही मी त्या पायऱ्यांवर जरा रेंगाळले.

श्यामला टेकडीसाठी अख्खा दिवस ठेवावा. इथे तीन मोठ्या संस्था जवळजवळ आहेत: मानव संग्रहालय, जनजातीय (म्हणजे आदिवासी) संग्रहालय आणि भारत भवन हे कलाकेंद्र. तिन्ही सोमवारी बंद असतात. माझ्यासारखा एकच थांबा घेणाऱ्याने तेवढा वार सांभाळून प्रवास आखावा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाचा परिसर दोनशे एकरांचा आहे, त्यामुळे तिथे सकाळी जावं आणि पायात चालण्याचे बूट हवेत. देशभरातल्या आदिवासी समाजांनी इथे येऊन, आपल्या भागातलं सामान आणून, स्वतःच्या हातांनी घरं बांधली आहेत. नागालँडचं एक, राजस्थानचं एक, किनाऱ्यावरच्या कोळ्यांची वेगळी. टेकडीवर चित्रं असलेले शैलाश्रयही आहेत, भीमबेटकासारखेच. राजधानीच्या मधोमध हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचं घर जागच्या जागी आहे, आणि त्याच्या आजूबाजूला आजच्या माणसांनी बांधलेली घरं.

मग जनजातीय संग्रहालय. याच्याविषयी किती सांगू असं मला झालं आहे. २०१३ मध्ये ते सुरू झालं. वास्तुकार रेवती कामथ. पण आतलं जे काही आहे ते गोंड, भिल्ल, बैगा, कोरकू, भारिया, कोल आणि सहारिया या सात समाजांच्या कलाकारांनी केलेलं आहे. काचेच्या पेटीत ठेवलेली भांडी आणि शेजारी टंकलेली पट्टी असा प्रकार इथे नाही. घरात वाकून शिरायचं, सारवलेल्या भिंतीवरचं मातीचं उठावकाम अगदी जवळून बघायचं, देवांच्या दालनात डोक्यावर आलेल्या फांद्यांखालून चालायचं. पिठोरा या भिल्लांच्या भित्तिचित्रांतले घोडे एकामागून एक भिंतभर धावतात. कोरकू म्हणजे आमच्या मेळघाटातलेही. आमच्याकडे त्यांची आठवण कुपोषणाच्या बातम्यांपुरती होते. इथे ते घर बांधणारे, देव मांडणारे, खेळ शोधणारे म्हणून भेटले. नागपुरात राहून आपण त्यांना असं कधी बघितलं नाही, हे मला तिथे फार लागलं.

भूरीबाईची भिंत तिथेच आहे. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावची ही भिल्ल बाई मजुरीसाठी भोपाळला आली. भारत भवनाचं बांधकाम चालू होतं तिथे ती विटा वाहायची. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी त्या बांधकामावरच्या मजुरांना विचारलं की तुमच्या घरी भिंतींवर काय काढता, ते मला काढून दाखवाल का. भूरीबाईने काढलं. पुढे कागद आणि कॅनव्हास हाताशी घेणारी ती भिल्लांमधली पहिली स्त्री चित्रकार म्हणून ओळखली गेली, आणि २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. भिंतीवर तिने स्वतःचीच हकीकत रंगवली आहे, ठिपक्या-ठिपक्यांनी. गाव, जनावरं, आगगाडी, शहर, बांधकाम. मी ती एकदा चालत बघितली, मग उलट दिशेने पुन्हा.

दुपारी भारत भवन. १३ फेब्रुवारी १९८२ ला ते सुरू झालं, तेही कोरियांचंच. रस्त्यावरून इमारत दिसतच नाही. आपण वरून, गच्चीवरून आत शिरतो आणि पायऱ्यांनी तळ्याच्या दिशेने उतरत जातो, दालनं उतारात दडलेली आहेत. ‘रूपंकर’ या इथल्या कलासंग्रहालयात स्वामिनाथन यांनी शहरी चित्रकारांची आणि आदिवासींची चित्रं एकाच छताखाली, एकाच मानाने लावली. तेव्हा त्यावर वाद झाला होता, आज तो निर्णय किती बरोबर होता ते बघताक्षणी कळतं. पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम या परधान गोंड तरुणाला इथेच आणलं गेलं. त्याचे रेषांनी आणि ठिपक्यांनी भरलेले प्राणी आणि देव पाहून त्या शैलीला पुढे ‘जनगढ कलम’ म्हणायला लागले. विधानभवनाच्या भिंतीवरही त्याचं काम आहे. सकाळी बाहेरूनच बघून परत फिरलेली ती इमारत मला आता निराळी वाटायला लागली.

मी विटा, काँक्रीट आणि पायऱ्या बघत उतरत होते आणि यातल्या कुठल्या विटा भूरीबाईच्या डोक्यावरून आल्या असतील, हाच विचार मनात होता. घरी ऐकलेल्या ‘आपली राजधानी नेली’ला माझ्यापुरतं उत्तर मिळालं होतं. नेली, आणि तिच्या जोरावर पाटणगढच्या मुलाला आणि पिटोलच्या मजूर बाईला भिंत दिली. कारखान्यापलीकडच्या वस्त्यांना तशी जागा अजून द्यायची आहे.

उद्या पहाटे विदिशेच्या रस्त्याने निघायचं. कर्कवृत्त ओलांडलं की लगेच सांची. ते जतन करायला शाहजहाँ आणि सुलतान जहाँ या दोघींनी पैसा दिला होता, म्हणजे बेगमांची सोबत अजून थोडी पुढे होती. पण भारत भवनाच्या ‘अंतरंग’ नाट्यगृहात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाटक असल्याचा फलक वाचला, काउंटरवर तिकीट आहे का ते विचारलं, मिळालं. ओरछाच्या हॉटेलला फोन करून सांगितलं की मी उशिरा येते.